थंडीची बारी

सोनगव्हाणच्या धोमसे सरांनी सकाळच्या दुसऱ्या चहापर्यंत एक्कावन्न हिवाळे पाहून संपवले आणि बावन्नावा, म्हणजे सरकारी, मुद्दाम शेवटी ठेवला.

ऑक्टोबर उजाडला की सरांचा हा रोजचा क्रम असे. एक्कावन्न हिवाळे म्हणजे येणाऱ्या एकाच हिवाळ्याचे एक्कावन्न नमुने. संगणक आजची हवा घेतो, तिला एक्कावन्न वेगवेगळे बारीक चिमटे काढतो आणि प्रत्येक चिमट्यानंतर ती डिसेंबरअखेर कुठे जाऊन बसते ते मोजतो. चाळीसएक नमुने एका सुरात बोलू लागले की अंदाज पक्का होत चालला असं समजायचं. सर या नमुन्यांना 'सभासद' म्हणत. सोसायटीच्या वार्षिक सभेत असतात तसे यांतही दहा-बारा जण दरसाल भलतंच काही बोलत, आणि त्यांचंही म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यावं लागे.

यंदा मात्र सभासद एकोप्यानं वागत होते. अशा वेळी काहीतरी गंभीर घडणार असतं, हे सरांना सोसायटीच्या अनुभवावरून माहीत होतं. उत्तरेत बर्फ लवकर पडला होता आणि समुद्र हवा तितका तापला नव्हता. सेहेचाळीस सभासद म्हणत होते : डिसेंबरचा शेवटचा आठवडा, आभाळ निरभ्र, वारा पडलेला, पारा शून्याखाली.

मग सरांनी बावन्नावा उघडला. अठ्ठावीस डिसेंबरच्या रात्रीचं, पहाटे पाचचं, सोनगव्हाणचं तापमान. काल तो आकडा उणे शून्य पूर्णांक चार होता. आज अधिक पाच. परवाही अधिक पाचच होता. तीन महिन्यांनंतरची एक पहाट रोज उड्या मारत होती. चाळीस वर्षांच्या छंदात असं कधी झालं नव्हतं. सभासद शांत आणि सरकार डळमळतंय, एवढं वहीत लिहून सरांनी चष्मा पुसला. मनातून त्यांना मजा वाटत होती.

साल दोन हजार सत्तावन्न. तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षं भूगोल शिकवून भूषण धोमसे निवृत्त झाले होते. त्यांची स्वतःची द्राक्षबाग म्हणजे गच्चीवरच्या तीन वेली. पण खोऱ्यातल्या बत्तीसशे बागांपैकी चारशे बागायतदार त्यांच्या 'दुसरं मत' या गटात होते. गटाचं धोरण नावातच होतं. सरकार थंडी म्हणालं की सर शंका काढत. सरकारने शंका काढली की सरांना हुडहुडी भरे.

या सगळ्याला अर्थ आला होता तो दुलईमुळे.

दुलई म्हणजे बागेच्या तारांवर बसवलेल्या तोट्या. त्यांतून संध्याकाळी धुक्याहूनही बारीक तुषार सोडायचे. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब उघड्या आभाळाला देऊन टाकते. हे तुषार ती अडवून परत खाली पाठवतात. एकट्या बागेची दुलई तोकडी. पण शेजारपाजारच्या दुलया एकमेकींना लागत गेल्या की खोरंभर एकच पांघरूण होतं, आणि वर आभाळ कितीही गोठो, खाली सहा-सात अंश टिकतात. जिथे दुलईला भोक पडतं तिथे मात्र भोवतालची सगळी गार हवा, जड असल्यामुळे, खड्ड्यात पाणी उतरावं तशी उतरते आणि द्राक्षाचा मणी न मणी तडकतो. पण विनाकारण दुलई ओढावी तर त्या ओलीवर डावणी येते. डावणी म्हणजे पानं आणि घड कुजवणारी बुरशी. ती फवारण्यांनी आवरते, पण आवरताना माणसाचा जीव जातो. म्हणून अंदाजावर विश्वास बसल्याशिवाय कोणी बटण दाबत नसे.

इथेच पंचाईत होती. ग्रहणाची वेळ पंचांगात आपण वाचतो. चंद्र वाचत नाही. पूर्वी हवासुद्धा अंदाज वाचत नसे. दुलई आल्यापासून ती वाचू लागली. चोपन्न साली खोरे हवामान केंद्रानं उणे एक सांगितलं. सगळ्यांनी मानलं, बत्तीसशे दुलया ओढल्या गेल्या आणि पारा सातच्या खाली उतरला नाही. अंदाज चुकला म्हणून लोकांनी केंद्राला मफलर भेट पाठवले. पंचावन्न साली केंद्रानं पुन्हा उणे एक सांगितलं. कोणीही मानलं नाही. त्या वर्षी सोनगव्हाणच्या लग्नांत सुद्धा द्राक्षं सांगलीहून आणावी लागली, आणि नवरदेवांनी ती मान खाली घालून खाल्ली.

त्यानंतर केंद्रानं नवी पद्धत काढली. तिला शास्त्रीय भाषेत 'स्थिर अंदाज' म्हणतात : सगळ्यांनी वाचून, वागून झाल्यावरही खरा राहील असा आकडा. गेल्या वर्षी तो तंतोतंत खरा ठरला. सरांनी शंका काढली होती. चारशे बागा उघड्या राहिल्या आणि गेल्या. त्यांत सरांच्या धाकट्या बहिणीची, प्राजक्ताची, बाग होती.

अकराच्या सुमारास केंद्राची गाडी दारात थांबली. सरांना वाटलं, नोटीस आली. उतरल्या त्या चौतिशीच्या डॉ. आर्वी कुलथे, हातात मिठाईचा पुडा घेऊन.

"शाल-श्रीफळ आणायचं चाललं होतं," त्या बसता बसता म्हणाल्या. "मीच नको म्हटलं. सरकारी सत्कार झाला असता तर तुमचा गट फुटला असता."

"सत्कार कशाबद्दल?"

"गेल्या वर्षीच्या सहकार्याबद्दल."

सरांनी चहा पुढे केला. "आधी हे सांगा, तुमचा आकडा उड्या का मारतोय? माझे सभासद तर गप्प बसलेत."

"तो घोळ हवेचा नाही, सर. तुमचा आहे." आर्वीबाईंनी कपात बिस्किट बुडवलं. "आमच्या प्रारूपात हवा आहे, जमीन आहे आणि अंदाज वाचणारी माणसंही आहेत. कोण मानतं, कोण मानत नाही, कोण कुणाचं ऐकून मानत नाही. हवेचं गणित केव्हाच सुटलंय. दसऱ्याला तुम्ही गटाला काय सांगणार, ते सुटत नाहीये. परवा एकानं विचारलं, सर, कपाटातून स्वेटर काढू का. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. त्याच दिवशी आकडा पाचवर गेला."

सरांना क्षणभर बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आपण न दिलेल्या उत्तरानं डिसेंबरातला पारा हलतो, असं किती निवृत्त प्राध्यापकांना ऐकायला मिळतं?

"यंदा थंडी आहे," ते म्हणाले. "मी तेच सांगणार."

"तसं सांगितलंत तर तुमच्या चारशे बागाही दुलई ओढतील. भोक उरणार नाही. पारा सहाच्या आसपास राहील आणि आमचा अंदाज खोटा पडेल."

"पडू द्या की. द्राक्षं वाचतील."

"यंदा वाचतील. पुढच्या वर्षी आम्ही थंडी सांगितली तर कोण ऐकेल?"

सरांना पंचावन्न साल आठवलं. त्यांनी दुसरी वाट धरली. "मग आधीच सहा सांगा ना. जे होणार तेच."

"सहा सांगितलं तर दुलई कशाला कोण ओढेल?"

"लोकांना नीट समजावून सांगा. तुम्ही ओढली म्हणूनच थंडी पडली नाही, म्हणावं."

"चोपन्न साली सांगितलं होतं. त्रेचाळीस पानी अहवाल होता. तो दोन माणसांनी वाचला. एक तुम्ही."

"दुसरं कोण?"

"मी. तेव्हा मी नोकरीत नव्हते, म्हणून मोजलंय." त्या हसल्या नाहीत. "अंदाज खरा ठरला तरच लोक मानतात, आणि तो खरा ठरायला काही बागा उघड्या राहाव्या लागतात. साडेबारा टक्के. कमी राहिल्या तर अंदाज खोटा, जास्त राहिल्या तर नाहक नुकसान. गेल्या वर्षी तुमच्यामुळे नेमकं जमलं."

"आणि यंदा मी काय करायचं?"

"नेहमीसारखी शंका काढायची. आम्ही पेपरात तुमच्यावर टीका करू. एका टीकेमागे तुमच्या गटात सरासरी सतरा माणसं वाढतात."

सरांनी रिकामा कप खाली ठेवला. "त्या चारशेत माझी बहीण आहे."

"माहीत आहे. तापमापकाच्या कुंपणाला लागून त्यांची बाग आहे."

"मग तो तापमापक हलवा."

"हलवला की लोक म्हणतील, हलवला." आर्वीबाई उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "मला हे आवडतं असं समजू नका, सर. पंचावन्नला माझ्या मामाची बाग गेली. म्हणूनच मी या कामात आले. आकडा बसला की कळवीन."

दसऱ्याला घट उठले. सोनगव्हाणात घटातलं धन, म्हणजे नऊ दिवसांत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब, टोपीत खोचायची रीत आहे, आणि कोंब किती वाढले यावरून जुनी माणसं रब्बीचा अंदाज सांगत. सरही दरवर्षी टोपीत कोंब खोचूनच आपला अंदाज सांगत. एका डोक्यावर दोन्ही शास्त्रं मावतात, असं त्यांचं म्हणणं होतं. देवळापुढच्या पटांगणात गट जमला होता.

"यंदा सरकार बरोबर आहे," सर म्हणाले. "अठ्ठावीसच्या रात्री पारा शून्याखाली जाईल. सगळ्यांनी दुलई ओढा. गेल्या वर्षी मी चुकलो."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "केंद्राची गाडी आली होती म्हणे दारात."

"मिठाईचा पुडा पण होता," दुसरा म्हणाला.

त्या संध्याकाळी गटाचा व्यवस्थापक सौरभ गांगुर्डे यानं 'तिसरं मत' नावाचा नवा गट काढला. रात्रीच्या जेवणापर्यंत चारशेपैकी तीनशे ऐंशी तिकडे होते. जे वीस उरले त्यांतले बरेचसे फोन न बघणारे होते. सरकारी आकडा त्याच दिवशी उणे शून्य पूर्णांक चारवर येऊन स्थिरावला.

सरांनी आर्वीबाईंना फोन लावला. "तुम्ही तर म्हणाला होतात, मी खरं सांगितलं तर आकडा सहावर जाईल."

"हो. आम्ही धरून चाललो होतो की लोक तुमचं ऐकतात."

"मीही," सर म्हणाले.

चारशे माणसं मुळात त्यांच्यावर विश्वास ठेवतच नव्हती. सरकारवर ठेवत नव्हती, एवढंच. सर फक्त मधे उभे होते. भूगोलात याला जलविभाजक म्हणतात. डोंगर हलला तरी पाणी उताराकडेच जातं.

नोव्हेंबरात ते बहिणीकडे गेले. प्राजक्ता मांडवाखाली घड विरळत होती. शेजारी कुंपणापलीकडे पांढऱ्या खोक्यात सरकारी तापमापक होता. तिचा कुत्रा मुकादम त्या खोक्याच्या सावलीत झोपला होता.

"प्राजू, तू तरी ओढ दुलई."

"गेल्या वर्षी तू नको म्हणाला, मी नाही ओढली. यंदा ओढ म्हणू राहिला. दादा, तुझ्याजवळ आकडे आहेत, माझ्याजवळ बाग आहे."

"गेल्या वर्षी चुकलो, म्हणूनच सांगतोय."

"गेल्या वर्षी माझी बारी होती." तिनं कात्रीनं एक घड हलका केला. "पाटाच्या पाण्यासारखंच असतं ते. ह्यांना काही बागा उघड्या लागतात, हे आता शेंबडं पोरगंही जाणतं. सौरभनं गटात लिहिलंय सगळं. मधल्यांची बारी गेल्या वर्षी झाली, यंदा टेलकडच्यांची. एकाच शेताला लागोपाठ दोन बाऱ्या कोणी देतं का?"

पाटाच्या शेवटाला, टेलला, शेत असलेल्यांना आधी पाणी मिळत नाही, म्हणून साठ वर्षं भांडून या खोऱ्यानं बाऱ्यांची वही लावून घेतली होती. त्या वहीवर लोकांचा जितका विश्वास होता तितका पंचांगावरही नव्हता. आता थंडीलाही ते त्याच वहीत बसवत होते.

"अगं, थंडीकडे वही नसते."

"केंद्राकडे असेल की. सरकार एवढंही करत नसेल तर मग काय उपयोग?"

"आणि थंडी आलीच तर?"

प्राजक्ता थांबली. "आली तर बाग काढीन. मका लावीन. दोनदा तडकलेले मणी पायाखाली घालायची ताकद नाही माझ्यात. पण नाही येणार. तू चहा घेणार का?"

सरांनी चहा घेतला. मुकादमनं त्यांच्या बुटावर डोकं ठेवलं. त्या दिवसानंतर ते आठवड्यातून दोनदा जात राहिले आणि विषय काढत राहिले. प्राजक्ता दर वेळी घड विरळत राहिली.

अठ्ठावीस डिसेंबरला प्राजक्ता पुतणीच्या साखरपुड्याला संगमनेरला गेली. मुक्काम होता. जाताना किल्ल्यांचा जुडगा दादाकडे दिला. "मुकादमला भाकरी घाल," ती म्हणाली. बाकी काही म्हणाली नाही. जुडग्यात मोटारीच्या खोलीचीही किल्ली होती, आणि दुलईचं बटण त्याच खोलीत होतं.

सर साडेपाचलाच बागेत पोचले. हवा अशी स्वच्छ होती की सप्तशृंगीकडचे डोंगर हाताला लागतील. वारा पडला होता. सेहेचाळीस सभासदांनी ऑक्टोबरात जे जे सांगितलं होतं ते ते सगळं हजर होतं. सूर्य टेकला आणि खोऱ्यात एकेक दुलई उठू लागली. आधी नदीकाठच्या, मग रस्त्यालगतच्या. पांढरे पदर एकमेकांना लागत गेले. ठिकठिकाणी 'तिसऱ्या मता'ची काळी ठिगळं राहिली. त्यांतलं एक सरांच्या डोक्यावर होतं.

मुकादमनं भाकरी खाल्ली. सरांनी मोटारीची खोली उघडली आणि बटणावर हात ठेवला.

हिशेब सोपा होता. बटण दाबलं तर प्राजूची बाग वाचेल. पण याच बागेची दुलई कुंपणापलीकडे तापमापकावर पसरेल. पहाटे तिथे सहा अंश दिसतील. अंदाज खोटा पडेल, लोक मफलर पाठवतील आणि पुढच्या थंडीला बत्तीसशे बागा उघड्या राहतील. नाही दाबलं तर एक बाग जाईल. चारशेच्या आसपास जाणार होत्याच. त्यांतली ही एक. जमीन गार व्हायच्या आत, म्हणजे सूर्य बुडाल्यापासून अर्ध्या तासात, काय ते करायचं होतं.

त्यांनी फोन काढला. केंद्राचा आकडा आता दर मिनिटाला नवा होत असे. उणे शून्य पूर्णांक चार. त्यांनी आर्वीबाईंना फोन लावला.

"मी बहिणीच्या बागेत आहे."

"हो, सर."

"बटणावर हात आहे माझा."

"बरं."

"ऑक्टोबरात मी एका स्वेटरचं उत्तर दिलं नाही तर तुमचा आकडा पाचवर उडाला होता. आता मी इथे उभा आहे आणि तो हलत नाहीये. त्याला कळलं नसेल मी इथे आहे ते?"

"फोन तुमच्याच हातात आहे ना, सर? म्हणजे त्याला माहीत आहे."

"मग हलत का नाही?"

पलीकडून नुसता पंख्याचा नाहीतर संगणकाचा आवाज येत होता. सरांनीच पुढे विचारलं.

"आणि किल्ली माझ्याकडे आहे हेही त्याला माहीत आहे?"

"प्राजक्ताताईंनी ती साखरपुड्याचं ठरलं तेव्हाच तुम्हाला द्यायची ठरवली होती. तुम्हाला फोनवर सांगितलं होतं."

"तरीही उणे चार दशांश."

"तरीही." आर्वीबाईंचा आवाज खाली आला. "सर, दाबायचं असेल तर दाबा. मी अडवणार नाही. अडवायची वेळ येईल, असं इथे दिसत नाहीये, इतकंच."

त्यांनी फोन ठेवला. सर रागावले. बासष्ट वर्षांच्या माणसाला आपण पुढच्या वीस मिनिटांत काय करणार हे दुसऱ्याकडून कळावं, याचा राग येणं स्वाभाविक होतं. त्यांनी बोट बटणावर घट्ट रोवलं. मग त्यांच्या मनात आलं, आत्ताच दाबलं तर ते केवळ रागानं दाबल्यासारखं होईल. आकड्याला खोटं पाडायला म्हणून बहिणीची बाग वाचवायची, हे काही खरं नव्हे. नीट विचार करून दाबायला हवं. विचार खरंच बदलला तर आकडाही बदलेल, चार दशांशचे तीन होतील, दोन होतील. तशी पद्धतच आहे त्याची. आपलं आपल्याला कळायच्या आत त्याला कळतं.

हा विचार शास्त्रीय होता आणि सरांना तो पटला. त्यांनी ठरवलं : आकडा एका दशांशानं जरी हलला तरी क्षणाचाही उशीर करायचा नाही.

मुकादम येऊन पायाशी वेटोळं करून बसला. कुंपणापलीकडे पांढरं खोकं अंधुक होत गेलं. खोऱ्यातल्या दुलया चारी बाजूंनी येऊन बागेच्या बांधापाशी थांबल्या होत्या, आणि धोमसे सर एक हात बटणावर आणि एक हात फोनवर ठेवून, चाळीस वर्षांच्या सवयीनं, डोळ्यांत तेल घालून आकड्याकडे बघत उभे होते.